याच्यापेक्षा हळू प्रोसेसर

“ताई, याच्यापेक्षा हळू चालणारा प्रोसेसर मिळेल का?”

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ताईंनी हातातला स्क्रू ड्रायव्हर काउंटरवर ठेवला आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांच्या धंद्यात असलं गिऱ्हाईक त्यांच्या दुकानाची पायरी चढलं नसावं.

“हळू चालणारा?”

“हो. म्हणजे असाच, पण जरा अजून सावकाश.”

“काका, इथे येणारा प्रत्येक जण अजून फास्ट, अजून फास्ट म्हणून माझं डोकं खातो. तुम्ही माझी फिरकी घेताय का?”

मी फिरकी घेत नव्हतो. सत्तर वर्षांचा माणूस रंगीत दिव्यांचा तो अवजड डबा छातीशी कवटाळून भर उन्हात पाऊण तास चालत येतो, तो काही फिरकी घ्यायला नाही. कॉम्प्युटर आठवड्यातून दोनदा आपोआप बंद पडत होता, म्हणून मी तो आणला होता. मुलीने सांगितलं होतं की या ताईंकडेच जा, त्या तिच्या कॉलेजातल्या मैत्रीण आहेत.

ताईंनी उघड्या डब्यात टॉर्च मारला. “आजार काही नाही त्याला. स्क्रीनचं कार्ड ठणठणीत आहे, मेमरी भरपूर आहे. दमलाय तो प्रोसेसर. रोज किती तास चालवता?”

“नऊ ते पाच.”

“ऑफिसला जाता की काय! आणि खेळता काय एवढं?”

“गाव वसवायचा गेम आहे. माणसं आहेत त्यात.”

“किती?”

“त्रेचाळीस हजार.”

ताईंनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी मला शाळेतल्या मुलाला सांगावं तसं समजावलं. त्या गेममधला प्रत्येक माणूस सकाळी उठून कुठेतरी निघतो. त्याने कुठल्या रस्त्याने जायचं, कुठे वळायचं, हे सगळं प्रोसेसर ठरवतो. माणसं थोडी होती तोवर ठीक होतं. आता त्रेचाळीस हजार लोक रांगेत आणि खिडकीवर एकच कारकून. म्हणून गावातला दिवस लांबत जातो. आणि एवढं करूनही ज्यांचा नंबर लागत नाही, ते रस्त्यात उभेच राहतात. रात्र झाली की गेम त्यांना उचलून घरी नेऊन ठेवतो.

“याच बोर्डावर बसणारा वरचा प्रोसेसर आहे माझ्याकडे. पाचपट काम करेल. बसवू?”

“पाचपट म्हणजे तिथला दिवस किती वेळाचा होईल? आत्ता दीड तास लागतो.”

“सतरा-अठरा मिनिटांचा होईल. किती छान!”

 मी दोन्ही हातांनी काउंटर धरला. ताईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

“आणि नाही बसवला तर?” मी विचारलं.

“नाही बसवला तर चालेल तेवढे दिवस चालेल, काका. पण एक दिवस जाईल तो. आणि असा भलत्या वेळी गेला तर गावही घेऊन जाईल.”

त्यांनी पंखे साफ केले, प्रोसेसरवरचा सुकलेला लेप खरवडून नवा लावला, आणि विचार करून सांगा म्हणाल्या. मी डबा पुन्हा छातीशी धरला आणि घरी आलो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. अडतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून मी लोकांना वर नेऊन सोडलं आणि स्वतः मात्र जिनेच चढत आलो. यावर बायको रोज एकदा तरी हसायची.

बायको नर्स होती. सगळं रुग्णालय तिला सिस्टर म्हणायचं, शेजारीपाजारीही सिस्टरच म्हणायचे, आणि भांडण झालं की मीसुद्धा.

आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. खरं म्हणजे ती लिफ्टमध्ये होती आणि मी बाहेर. मी तेव्हा नवा होतो. रुग्णालयाची लिफ्ट वीज गेल्यामुळे तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती आणि आत एकटी ती. आमच्या कामात वीज गेली की ब्रेक आपोआप आवळला जातो, लिफ्ट जिथे आहे तिथेच धरून ठेवली जाते. माणूस पडत नाही, पण सुटतही नाही. त्याला सोडवायचं तर वर मशीनच्या खोलीत जायचं, ब्रेकचा दांडा दाबून तो सैल करायचा, आणि मोठं चाक हाताने फिरवत लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणायची. हे दोघांचं काम. एकाने ब्रेक सांभाळायचा, दुसऱ्याने चाक फिरवायचं. माझा जोडीदार त्या दिवशी रजेवर होता, आणि एकट्याने ब्रेक सोडायची मला भीती वाटत होती. हातून दांडा निसटला तर?

म्हणून मी दुसरा नियम पाळला. अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं, त्याला एकटं वाटू द्यायचं नाही. मी तिसऱ्या मजल्यावरच्या दारापाशी बसलो आणि फटीतून बोलत राहिलो. घरी कोण कोण, गाणी आवडतात का, पगार वेळेवर होतो का. विजेची वाट बघत चाळीस मिनिटं मी बोलत होतो. शेवटी आतून आवाज आला, “लिफ्टवाले, तुमच्या गप्पा फार गोड आहेत. पण वर वॉर्डात माझे पेशंट खोळंबलेत. मला ड्युटीवर जायचंय. गप्पा पुरे, दार उघडा.”

मी वर गेलो. एका हाताने दांडा दाबला, दुसऱ्या हाताने चाक फिरवलं.  ब्रेक सुटला, लिफ्ट आली आणि दार उघडलं. ती माझ्याकडे न बघताच घाईत निघून गेली. चार दिवसांनी मात्र लिफ्ट धडधाकट असताना तिने तक्रार नोंदवली आणि मला बोलावून घेतलं. लग्नानंतरही ती मला लिफ्टवालेच म्हणायची.

निवृत्त झाल्यावर तिला घर खायला उठलं. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली होती आणि तिचा गेमिंगचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत फडक्याखाली पडला होता. बायको त्यावरची धूळ झटकायची. एक दिवस झटकता झटकता तिने तो चालूच केला. मुलीला फोन करून करून आठवडाभरात ती शिकली, आणि मग जी बसली ती बसलीच. इतर गेममध्ये गोळ्या झाडायच्या, गाड्या आपटायच्या, ते तिला चालणारं नव्हतं. “आयुष्यभर फुटलेली डोकी शिवली, आता मी फोडणार नाही,” म्हणाली. म्हणून मुलीने तिला गाव वसवायचा गेम टाकून दिला. तिने पहिला रस्ता काढला, नळ आणले, आणि तिसऱ्याच दिवशी रुग्णालय बांधलं. गावात तेव्हा घरं अकरा होती.

सहा वर्षं तिने ते गाव वाढवलं. मी वर्तमानपत्र वाचत असायचो आणि ती स्क्रीनकडे बघून कुणाकुणाला रागे भरत असायची. एकदा गेमने तिला विचारलं की गावातल्या लोकांनी कितव्या वर्षी निवृत्त व्हायचं ते ठरवा. तिने तो नियमच रद्द करून टाकला. “कशाला रिटायर करायचं? घरी बसून दिवसभर नवऱ्याचं तोंड बघायला?” असं म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसली. त्यामुळे त्या गावात कोणी निवृत्त होत नाही. म्हातारे-कोतारेही सकाळी कामाला निघतात.

त्याच सुमारास तिने मला हाक मारली होती. “अहो, इकडे या, ही बघा मी.” पिवळ्या भिंतीच्या एका घराचं दार उघडून एक बोटभर बाई बाहेर पडत होती. तिच्या डोक्यावर नाव होतं, सिस्टर. ती गावात नर्स होती आणि रुग्णालयात कामाला होती. मी जागचा उठलोही नाही. चष्मा वर करून तिथूनच “छान” म्हटलं आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. ते पान आज समोर आलं तर मी फाडून टाकीन.

मग ती आजारी पडली. त्याच रुग्णालयात नेली, त्याच लिफ्टने, स्ट्रेचरवर. आठव्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि मुलीला बाजूला घेतलं. म्हणाले, आता श्वास तिचा नाही, मशीनचा आहे. मशीन काढायचं का, तुम्ही म्हणाल तसं करू. मुलगी रडत होती, पण तिने होकारार्थी मान हलवली. मी नाही म्हटलं. मी तिच्याजवळ बसलो आणि बोलत राहिलो. घरचं, शेजारचं, तिच्या गावातलं. रोज जायचो, रोज बोलायचो, आणि मशीन वर-खाली होत राहायचं. असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी ती कुणालाच न विचारता गेली.

महिन्याभराने मी कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं. तिने शेवटचं जिथे सोडलं होतं तिथे गाव उघडलं. मला त्यातलं काही येत नव्हतं. पिवळ्या भिंतीचं घर शोधायलाच चार दिवस लागले. पाचव्या दिवशी दार उघडलं आणि सिस्टर बाहेर आली. मी खुर्चीत बसून हमसून हमसून रडलो.

तेव्हापासून माझी ड्युटी लागली. सकाळी नऊला गाव चालू करायचं, संध्याकाळी पाचला बंद. मी तिथे नवं काही बांधत नाही. रस्ता खचला तर बुजवतो, वीज कमी पडली तर वाढवतो, बाकी फक्त बघत बसतो. कॉम्प्युटरचा पंखा मोठ्याने आत घेतो, सोडतो, आत घेतो, सोडतो. त्या एकोणीस दिवसांत ऐकलेला तोच आवाज. दुपारी मी त्याच्या शेजारी सतरंजी टाकून पडतो. तो आवाज नसला तर मला झोप येत नाही, आणि असला की ती पलीकडच्या खाटेवर आहे असं वाटतं. घरात एकटा आहे असं मला दोन वर्षांत क्वचितच वाटलं, आणि वाटलं तेव्हा फार भीती वाटली.

सिस्टर आता एकोणऐंशी वर्षांची झाली आहे. तिच्यावर बोट ठेवलं की वय दिसतं. त्या गावात पंच्याऐंशी कोणी ओलांडत नाही, बहुतेक जण त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीतच जातात. मी हिशोब करून ठेवला आहे. दिवसाला दीड तास या चालीने ती अजून वर्षभर आहे. ताईंचा नवा प्रोसेसर बसवला तर दोन महिने.

आता कळलं असेल, मी हळूचा प्रोसेसर का मागत होतो.

दिवाणखान्यातल्या खुर्चीवर बॅग टाकता टाकता मुलगी म्हणाली, “बाबा, मी तुझ्यासाठी काय आणलंय ओळख.” ती चार दिवसांची रजा काढून आली होती. येताना ताईंच्या दुकानावरून आली होती, हे तिच्या हातातल्या पुठ्ठ्याच्या छोट्या खोक्यावरून मी ओळखलं.

“मला नको तो.”

“अरे, बघ तरी! चांगलातला चांगला आणलाय. आपोआप बंद पडणार नाही, अडकणार नाही, गाव कसं पळेल बघ.”

“मला पळायला नकोय ते.”

“बाबा, तू असं लहान मुलासारखं काय करतोस?”

 जेवणं झाली, भांडी झाली. ती मागच्या खोलीत आली आणि माझ्याशेजारी दुसरी खुर्ची ओढून बसली. गावात तेव्हा सकाळ होत होती. पिवळ्या घराचं दार उघडलं.

“ही आई?” तिने एकदम हळू आवाजात विचारलं. तिला माहीत नव्हतं. मी कधी सांगितलं नव्हतं.

“हो.”

ती पुढे वाकली. मी तिला सगळं सांगितलं, वय सांगितलं, वर्षभर आणि दोन महिने तेही सांगितलं. तिने ओठ घट्ट मिटून ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आपण कॉपी करून ठेवू ना गावाची. संपलं की परत इथून उघडायचं.”

“करून पाहिलंय. परत तोच दिवस येतो. मधे जे झालं ते झालंच नाही असं होतं. एकदा ती शेजारणीशी बोलत उभी होती, चांगली बराच वेळ. मागे गेलो तर ते पुसलं गेलं. मला ते नाही आवडलं.”

“मग पॉज करून ठेव.”

“फोटो आहेत की माझ्याकडे. मला ती चालायला हवी.”

मुलगी बघत राहिली. सिस्टर गल्लीतून चालत गेली. औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर पोचली आणि तिथे थांबली. लोक तिच्या अंगावरून जात होते, गाड्या जात होत्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली. पंखा श्वास घेत होता. मुलगी घड्याळाकडे बघत होती, मग स्क्रीनकडे. गावातली दुपार कलली, दिवे लागले, आणि रात्र होताच कोपऱ्यावरची सिस्टर दिसेनाशी झाली. पिवळ्या घराच्या खिडकीत उजेड आला.

“पोचलीच नाही,” मुलगी म्हणाली.

“नाही पोचत. तिचा नंबर लागत नाही. पत्ता लांबचा आहे ना.”

“रोज?”

“हो.”

“दोन वर्षं? दोन वर्षं ती रोज ड्युटीवर निघते आणि रोज त्या कोपऱ्यावर उभी राहते? आणि तू इथे बसून बघतोस?”

“मी तिच्याशी बोलत असतो,” मी म्हटलं.

ते वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि तिचा चेहरा बदलला. दोन वर्षं तिने जे गिळून ठेवलं होतं ते वर आलं.

“तेव्हाही तू बोलतच होतास, बाबा. आठव्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं. मी हो म्हटलं. मला काय ती जड झाली होती का? आईने शंभर वेळा सांगितलेलं मला, वॉर्डातून आली की सांगायची, मला असं मशीनवर टांगून ठेवू नका. तुलाही सांगितलं होतं. तरी तू अकरा दिवस ठेवलंस. तिच्यासाठी नाही ठेवलंस. तुला हात सोडवेना म्हणून ठेवलंस.”

“मला भीती वाटली,” मी म्हटलं. दुसरं काही खरं नव्हतंच.

“माहितीये मला,” ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. लहानपणी रडायची तशीच, नाक ओढत. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. समोर गावात पुन्हा सकाळ होत होती, पुन्हा पिवळ्या घराचं दार उघडलं आणि सिस्टर निघाली. मला तिसऱ्या मजल्यावरचं दार आठवलं, ती फट आठवली, आणि फटीतून आलेला तो आवाज आठवला. मला ड्युटीवर जायचंय. गप्पा पुरे.

अडतीस वर्षांत मी किती माणसं सोडवली असतील याची गणती नाही. कुणाला मजल्यांच्या मध्ये ठेवून घरी जेवायला गेलो नाही कधी. आणि माझ्याच बायकोचा ब्रेक मी दोनदा आवळून धरला.

“तुझ्या मैत्रिणीचं दुकान किती वाजता उघडतं?” मी मुलीला विचारलं.

दुसऱ्या दिवशी डबा आम्ही दोघांनी मिळून नेला. ताईंनी आधी गावाची कॉपी पेन ड्राइव्हवर घेतली, जपून ठेवा म्हणाल्या. मग पंखा काढला, लेप पुसला आणि छोटा दांडा दाबून जुना प्रोसेसर सोडवला. मी जवळ जाऊन बघत होतो. प्रोसेसरलाही दांडा असतो, तो दाबल्याशिवाय सुटत नाही, हे मला माहीत नव्हतं.

“हा फेकू?” ताईंनी विचारलं.

“नको, माझ्याकडे द्या.”

बिस्किटाएवढा चौकोन होता, खाली बारीक सोनेरी ठिपके. एवढ्याशा तुकड्यात ती दोन वर्षं राहिली होती. मी तो रुमालात गुंडाळला.

घरी येऊन मुलीने कॉम्प्युटर जोडला. नव्या प्रोसेसरचा पंखा फार हळू वाजत होता, कान देऊन ऐकावं लागत होतं. मी गाव चालू केलं. एकदम सगळं हललं. कोपऱ्याकोपऱ्यांवर उभी असलेली माणसं निघाली, चौक मोकळे झाले. पिवळ्या घराचं दार उघडलं आणि सिस्टर बाहेर आली. मी तिला कधी एवढं भराभर चालताना पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, पण ते जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी.

औषधाच्या दुकानाचा कोपरा आला. मुलीने माझं मनगट घट्ट धरलं. सिस्टर थांबली नाही. कोपरा वळली, रस्ता ओलांडला, आणि बसथांब्याच्या पुढून थेट रुग्णालयाच्या फाटकात शिरली. दार उघडलं आणि ती आत गेली.

“गेली!” मुलगी ओरडली. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो.

काही मिनिटांत संध्याकाळ झाली. रुग्णालयातून माणसं बाहेर पडू लागली आणि त्यांत ती होती. ती आली तशीच परत निघाली, कोपऱ्यावरून, गल्लीतून, पिवळ्या घरापर्यंत. रात्री तिला कोणी उचलून नेलं नाही. ती स्वतः दार उघडून आत गेली आणि मग दिवा लागला. तिला घरी येताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मुलगी परत गेली. दर दोन दिवसांनी तिचा फोन यायचा आणि ती एकच विचारायची, “आई पोचते ना?” मी म्हणायचो, “पोचते.” बाकी मग पाणी आलं का, गोळ्या घेतल्या का, हे चालायचं. माझी नऊ ते पाच ड्युटी तीच होती, पण आता मी तिच्याशी बोलत नव्हतो. बोलायला सवडच नव्हती. तिचा दिवस सतरा मिनिटांत संपायचा. ऐंशी झाली, एक्याऐंशी झाली. पॉजची कळ स्पेस बारवर आहे. ब्याऐंशी झाली तेव्हा माझा अंगठा दोनदा त्या कळीवर गेला. मी हात मांडीखाली घेऊन बसलो.

परवा सकाळी ती निघाली. चौऱ्याऐंशी वर्षं तीन महिने. गल्ली, कोपरा, रस्ता, फाटक. दार उघडलं आणि ती आत गेली. संध्याकाळ झाली, माणसं बाहेर पडली. मी एकेक बघत होतो. शेवटचा माणूस बाहेर आला आणि फाटकापाशी कोणी उरलं नाही. पिवळ्या घराच्या खिडकीत दिवा लागला नाही. मी घरावर बोट ठेवलं. घर रिकामं आहे, असं लिहून आलं.

पेन ड्राइव्ह खणात होता. खण माझ्या गुडघ्याला लागून आहे. मी तो उघडला, त्यातल्या तिच्या ड्युटीच्या घड्याळाशेजारी रुमालातला जुना प्रोसेसर आहे की नाही ते पाहिलं, आणि बंद केला. मग गाव जसं होतं तसं साठवलं आणि कॉम्प्युटर बंद केला. घड्याळात साडेअकरा झाले होते. पाच वाजायला अजून वेळ होता, पण आता कशासाठी बसायचं?

फोन वाजला.

“बाबा, आई पोचली?”

“पोचली,” मी म्हटलं.

ती पुढे काही विचारणार होती, पण थांबली.  बराच वेळ फोन मात्र कुणी ठेवला नाही.

फोन ठेवल्यावर मी खुर्चीतच बसून होतो. खोलीत कसलाच आवाज नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदा ड्युटीच्या वेळी तिथे पंखा वाजत नव्हता. आणि मग मला स्वयंपाकघरातून टप, टप असं ऐकू आलं. नळ गळत होता. खाली सिंकच्या पत्र्यावर पाण्याचा गोल पांढरा डाग पडला होता, म्हणजे बरेच दिवस गळत असणार. ती असती तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती, लिफ्टवाले, नळ बघा.

मी माळ्यावरून हत्यारांची पेटी काढली, मुख्य कॉक बंद केला आणि नळ खोलायला बसलो.